गाडी बोलते, नवख्या चालकाने ऐकायचं कसं?

पहिली गाडी घेतली त्याच आठवड्यात मी टायरपाशी उकिडवा बसलो, अंगठ्याने धूळ पुसली, तिथे कोरलेला ४४ हा आकडा वाचला आणि चारही चाकांत तेवढी हवा भरून घेतली. हवा भरणाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण बोलला काही नाही. पुढे कितीतरी दिवस गाडी प्रत्येक खड्ड्यावर टणाटण उडायची आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की वाटलं होतं त्यापेक्षा पुढे जाऊन थांबायची. मी समजत होतो, आपलाच हात अजून कच्चा आहे. टायरवर छापलेला तो आकडा टायर जास्तीत जास्त किती दाब सोसू शकतो ते सांगतो, गाडीला किती हवा लागते ते नाही, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

गाडी शिकताना क्लच, गिअर, रिव्हर्स, चढावर गाडी उचलणं हे सगळं घोटून घेतात. बॉनेट मात्र कुणी उघडून दाखवत नाही. त्यामुळे नवखा चालक दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर बॉनेटखाली जे आहे ते आपलं नाही म्हणून बघतच नाही, नाहीतर व्हिडिओ पाहून पाना हातात घेतो. दोन्हींची गरज नसते. दुरुस्ती मेकॅनिक करेल. आपण पाहायचं, ऐकायचं, वास घ्यायचा आणि एवढंच ठरवायचं की हे आत्ता थांबण्याचं प्रकरण आहे की या आठवड्यात दाखवण्याचं. गाडी सहसा न सांगता बंद पडत नाही. बॅटरी मरायच्या आधी काही दिवस स्टार्टर रेंगाळतो, ब्रेक पॅड संपत आले की किंचाळतात, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतं तेव्हा खाली डाग पडतो.

सुरुवात पुस्तिकेपासून

गाडीसोबत आलेली पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पिशवीतल्या पिशवीत पडलेली असते. सगळी वाचायची गरज नाही. चार पानं शोधा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा: इंजिन ऑइलची ग्रेड, जॅक लावायच्या जागा, फ्यूजचा नकाशा आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यांचे अर्थ. टायरच्या हवेचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. तिथे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात, पुढच्या आणि मागच्या चाकांचेही वेगळे असू शकतात. बरेच जण सगळीकडे एकच आकडा सांगून मोकळे होतात.

टायर: इथे आळस नको

गाडी रस्त्याला चार ठिकाणी टेकते आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. ब्रेक कितीही भारी असोत, शेवटी गाडी थांबते ती या चार तळहातांवर. म्हणून तुमच्याकडे महिन्यात देखभालीसाठी दहाच मिनिटं असतील तर ती टायरला द्या.

हवा थंड टायरमध्ये मोजायची. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली किंवा दीड-दोन किलोमीटरच्या आत चाललेली. चालल्यावर टायर तापतो, आतली हवा प्रसरते आणि आकडा चार-पाच पीएसआयने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) वर दिसतो. लांबच्या प्रवासात मध्येच तपासून 'जास्त आहे' म्हणून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. उलट थंडी पडली की, तापमान दहा अंशांनी उतरल्यावर, दाब एक-दोन पीएसआयने घटतो. पंक्चर नसतानाही टायरमधून महिन्याला सुमारे एक पीएसआय हवा झिरपते. त्यामुळे महिन्यातून एकदा आणि लांब जायच्या आधी तपासणं पुरतं. दाब मोजायचं छोटं यंत्र स्वतःचं घ्या, कारण सगळ्याच पंपांवरचे काटे विश्वासाचे नसतात.

कमी हवा जास्त हवेपेक्षा धोकादायक. कमी हवेत टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, आतून तापतात आणि वेगात असताना फुटू शकतात. टायर फुटला की लोक खिळ्याला दोष देतात. कित्येकदा खरं कारण महिनोनमहिने न पाहिलेली हवा असते.

आता बसून टायरकडे नीट बघा. खाचांच्या तळाशी अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. माझं मत विचाराल तर तोवर थांबू नये. खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात आणि तीन मिलिमीटरच्या खाली गेल्या की पावसातली पकड स्पष्ट कमी होते. झीज कुठे आहे तेही पाहा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला तर जास्त (माझा तसाच झिजला होता) आणि एकच कड खाल्ली गेली तर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलं आहे. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरल्यावर गाडी एका बाजूला खेचत असेल, तर आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट. ठरावीक वेगाला, साधारण ८० ते १०० च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचं, काम निघतं.

बाजूला फुगा आलेला टायर ताबडतोब बदलायचा. खड्ड्यात आदळल्यावर आतले धागे तुटतात आणि हवा तिथून बाहेर येऊ पाहते. हा टायर दुरुस्त होत नाही आणि कुणी 'अजून महिनाभर चालेल' म्हणालं तरी ऐकू नका.

टायरचं वयही असतं. त्याच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर न वापरताही वाळतं, तडकतं. सहा वर्षांपुढचा टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा, आणि जुनी गाडी घेताना हे चार अंक पाचही टायरवर वाचावेत. पाचवा म्हणजे स्टेपनी. तिची हवा कुणीच तपासत नाही आणि गरज पडते तेव्हा तीच बसलेली निघते.

थंड इंजिन, उघडं बॉनेट

महिन्यातून एकदा सकाळी, गाडी सपाट जागी असताना, सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. तिथे काय कुठे आहे हे पहिल्यांदा गोंधळाचं वाटेल. पण हात लावायच्या वस्तू मोजून चार-पाच असतात आणि त्यांची टोपणं बहुतेक वेळा पिवळी, निळी किंवा काळी, चित्रासकट असतात.

ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून बाहेर काढा. पहिल्यांदा दिसतं ते खरं नसतं, कारण ऑइल पट्टीभर माखलेलं असतं. स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आडवी धरून बघा. टोकाला दोन खुणा असतात, वरची कमाल आणि खालची किमान. ऑइलची ओली रेघ या दोहोंच्या मध्ये हवी. खालच्या खुणेशी आली असेल तर पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घाला, पाच मिनिटं थांबा, परत मोजा. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं, त्यामुळे अंदाजाने डबा उपडा करू नये. ऑइल जास्त झालं की फिरता क्रँक त्यात बुडतो, फेस करतो आणि फेसाने वंगण नीट होत नाही. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर मात्र कूलंट ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्या आणि गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा. नव्या काही गाड्यांत पट्टीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते.

५डब्ल्यू-३० यासारख्या ग्रेडमधला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात किती दाट राहतं ते. 'दाट ऑइल घाला, इंजिनाला चांगलं' हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला. आजच्या इंजिनांतल्या वाटा बारीक असतात, तेव्हा पुस्तिकेतली ग्रेड सोडू नका. बदलण्याची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दोन्हींत दिलेली असते. जे आधी येईल ते धरायचं. गाडी फार चालली नाही म्हणून ऑइल टिकतं असं नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही आणि ऑइल लवकर खराब होतं.

कूलंटची टाकी अर्धपारदर्शक असते, तिचं झाकण न उघडताच बाहेरून पातळी दिसते. गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो, त्याच क्षणी ते उकळतं आणि तोंडावर-हातावर येतं. या एका चुकीने लोक गंभीर भाजतात. टाकीत कूलंट आणि शुद्ध पाणी यांचं सांगितलेलं मिश्रण घालावं, बहुधा निम्मं-निम्मं. अडचणीच्या वेळी साधं पाणी घातलं तर गाडी घरापर्यंत येईल, पण ते तसंच ठेवू नये, आत गंज आणि क्षार बसतात. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतं. सांडलं तर धुऊन टाका, मुलं आणि पाळीव प्राणी चाटू शकतात.

ब्रेक ऑइलची छोटी डबी चालकाच्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ असते. तिचीही पातळी बाहेरूनच पाहायची. हळूहळू उतरत असेल तर ब्रेक पॅड झिजत आहेत, झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा वरून ऑइल ओतून गप्प बसणं चूक. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या ग्रेडचं कोरडं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की असं ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी किती का चाललेली असेना. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलला जातो.

काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरलेली ठेवा आणि वायपर बोटाने उचलून रबर कडक झालंय का पाहा. काचेवर रेघा उमटल्या किंवा करकर आवाज आला की रबर बदला. त्याआधी एकदा ते ओल्या फडक्याने पुसून बघा, निम्म्या वेळा नुसती घाण असते.

विजेवरच्या गाडीला इंजिन ऑइल लागत नाही, पण टायर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि साधी १२ व्होल्टची बॅटरी तिलाही असते. नारिंगी जाड वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही.

बॅटरी

बॅटरी सहसा तीन ते पाच वर्षं टिकते. सकाळी पहिल्या वेळी स्टार्टर आळसावल्यासारखा फिरू लागला, गाडी सुरू करताना आतले दिवे फार मंदावू लागले, की तिची तपासणी करून घ्या. बंद गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना सुमारे १४ दिसले पाहिजेत. तेव्हाही १२ च्या घरातच राहिली तर दोष बॅटरीत नाही, तिला भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असू शकतो. नवी बॅटरी घालून पुन्हा आठवड्यात गाडी बंद पडली, अशा बऱ्याच कहाण्यांचं मूळ इथे असतं.

दुसऱ्या गाडीच्या मदतीने सुरू करायची वेळ आली तर दोन्ही गाड्या बंद ठेवून, एकमेकींना न चिकटवता, हा क्रम पाळा:

१. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला.
२. तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला.
३. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला.
४. काळ्या वायरचं उरलेलं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

चौथी पायरी लोक गाळतात आणि थेट बॅटरीला लावतात. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून दूर उडू द्यायची. चांगली गाडी सुरू करा, काही मिनिटं थांबा, मग दुसरी सुरू करा. काढताना क्रम बरोबर उलटा. बॅटरीचं कवच तडकलं किंवा फुगलं असेल तर हे करूच नका.

डॅशबोर्डवरचे दिवे

लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं, पण तीन लाल दिव्यांबद्दल थोडं सविस्तर.

ऑइलच्या झारीचं चित्र चालत्या गाडीत पेटलं, तर इंजिनातला ऑइलचा दाब गेला. घर एकच किलोमीटरवर आहे म्हणून गाडी दामटू नका. वंगणाशिवाय इंजिन जाम व्हायला मिनिटंही पुरतात. थांबा, बंद करा, पातळी पाहा, आणि पातळी ठीक असली तरी सुरू करू नका.

तापमानाचा दिवा लागला किंवा काटा लाल पट्ट्याकडे सरकला, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर सोडा. विचित्र वाटतं, पण इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने आत येते. जागा मिळताच थांबून इंजिन बंद करा. अर्धा तास तरी झाकणाला हात नाही.

ब्रेकचा दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण उतरलाय का पाहा. उतरलेला असूनही दिवा राहिला तर ब्रेक ऑइल तपासायचं, आणि पेडल खोल जात असेल तर गाडी उचलून न्यावी लागेल. एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात.

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवत गॅरेज गाठता येतं. तोच उघडझाप करू लागला तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाहीये आणि न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय. तो महागडा भाग. वेग उतरवा आणि थांबा.

डाग, वास, आवाज

रात्रभर गाडी उभी होती तिथे एखादा जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. एसी वापरल्यावर टपकलेलं स्वच्छ पाणी निरुपद्रवी आहे. काळपट-तपकिरी बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी पाणचट डाग बहुधा कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ब्रेकची शंका घ्या आणि गाडी हलवू नका.

जळक्या कागदासारखा वास चढावर किंवा गर्दीत आला तर तो क्लचचा. क्लच अर्धवट दाबून गाडी चढावर तोलून धरायची सवय नवख्यांना हमखास असते. तिथे हँडब्रेक वापरा. गोडसर वास कूलंटचा. पेट्रोलचा वास गाडीत येत राहिला तर काच खाली, इंजिन बंद, सगळे बाहेर.

ब्रेक लावताना बारीक किंचाळणं हा पॅडवरच्या पत्रीचा इशारा आहे, ती मुद्दाम तशी बसवलेली असते. त्याकडे दुर्लक्ष केलं की काही आठवड्यांनी धातूवर धातू घासल्याचा खरखराट ऐकू येतो आणि मग पॅडबरोबर डिस्कही जाते. वळताना पुढच्या चाकाकडून टक-टक-टक येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. वेगाबरोबर वाढणारी घुमघुम बेअरिंगची असू शकते. रोज रेडिओ लावून जाणाऱ्याला हे काहीच ऐकू येत नाही. आठवड्यातून एकदा तो बंद ठेवून पाच मिनिटं चालवा.

स्टेपनी बदलण्याचा सराव उजेडात करा

हे काम अंधारात, पावसात पहिल्यांदा करायला लागू नये. सुट्टीच्या दिवशी घरापाशी एकदा करून बघा. मी केलं तेव्हा पहिला अर्धा तास जॅक गाडीत कुठे ठेवलाय हे शोधण्यात गेला.

रस्त्यावर पंक्चर झालं तर रहदारीपासून दूर, सपाट आणि कडक जागेपर्यंत हळू जा. रिम खराब झाली तरी चालेल, वळणावर थांबू नका. चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर किंवा ऑटोमॅटिकमध्ये पी (पार्क). सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा आणि मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा. तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा.

गाडी उचलण्याआधी नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. बहुतेक जण आधी जॅक लावतात, मग चाक हवेत गरगर फिरतं. नट घट्ट असेल तर पान्यावर हाताने झटके देण्यापेक्षा पाना आडवा करून शरीराचं वजन द्या. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागी. इतरत्र लावला तर पत्रा वाकतो किंवा जॅक घसरतो. चाक जमिनीपासून दोन-तीन बोटं वर आलं की पुरे. आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही. स्टेपनी चाकाशेजारी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल.

नवं चाक चढवल्यावर नट हाताने बसवा, मग पान्याने एक सोडून एक, समोरासमोर, थोडे थोडे आवळा. सलग गोल आवळले तर चाक तिरकं बसतं. गाडी खाली उतरवून मगच शेवटचा जोर द्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासा. स्टेपनी नेहमीपेक्षा बारीक असेल तर ती तात्पुरती आहे. तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर.

बसणं, पट्टा, आरसे

हे किल्ली फिरवण्याआधीचं. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील एवढी सीट पुढे. पाठ टेकून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग पापणी लवण्याच्या आत, अतिशय जोरात उघडते. डोक्यामागची उशी डोक्याच्या वरच्या कडेच्या बरोबरीने ठेवा. मानेशी असेल तर मागून धडक बसल्यावर ती मान मोडायलाच मदत करते.

तीन बिंदूंचा सीटबेल्ट निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वोसाठी बनवला. १९५९ मध्ये तो गाड्यांत आला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांनाही खुलं ठेवलं. खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. जाड जाकीट असेल तर उघडून आतून घ्या. मागे बसणाऱ्यांनीही लावायचा, न लावलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर येऊन आदळतो. बाळाची मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगच्या समोर पुढे कधीच ठेवायची नाही.

बाजूच्या आरशात आपली गाडी जेमतेम कडेला दिसेल इतके ते बाहेर वळवा. नवखे लोक आरशात निम्मी आपलीच गाडी बघत बसतात. तरीही काही जागा आरशात येत नाही, म्हणून लेन बदलताना मान वळवून एक नजर टाकायची. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली लोळू देऊ नका. ब्रेकच्या पेडलखाली ती अडकली की तुमच्याकडे उपाय उरत नाही. चटईवर चटई टाकणं हाही तोच प्रकार.

रस्त्यावर

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ताशी ५० ला तुम्ही सेकंदाला सुमारे १४ मीटर जाता. भानावर येऊन पाय हलवायला एक सेकंद धरा, मग चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे १४ मीटर. एकूण २८. ताशी १०० ला हाच हिशेब ८० च्या पुढे जातो. मोबाइलकडे पाच सेकंद बघितलंत तर ताशी ८० ला ११० मीटर न बघता गेलात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा, तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत दोन सेकंद तरी जायला हवेत. पावसात चार.

साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग एकदम हलकं झालं तर टायर पाण्यावर तरंगतोय. ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, पकड परत येते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

लांब उतारावर, ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये घालून इंधन वाचवणारे लोक सगळा भार ब्रेकवर टाकतात. ब्रेक लागेनासे झालेच तर पेडल भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरत तो हळूहळू ओढा. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. टायर फुटला तर स्टिअरिंग घट्ट धरून सरळ जात राहा, ब्रेकला हात, म्हणजे पाय, नको, वेग आपोआप पडू द्या. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थडथडतं. तेव्हा घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा. हा अनुभवही मोकळ्या जागी एकदा घेऊन ठेवलेला बरा.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. आणि उन्हात उभ्या गाडीत मूल दोन मिनिटांसाठीही ठेवू नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वर जाऊ शकतं.

मेकॅनिककडे काय सांगाल?

'गाडी आवाज करते' एवढ्याने कुणाला काही कळत नाही. थंड असताना येतो की तापल्यावर, ब्रेक लावल्यावर की सोडल्यावर, वळताना कुठल्या बाजूला, कोणत्या वेगाला, किती दिवसांपासून, एवढं सांगितलंत तर निम्मं निदान तुम्हीच केलेलं असतं. जमलं तर आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. नवीन भाग घालायला सांगितलं तर जुना काढलेला परत मागा, हातात घेऊन बघा. माझ्या गाडीचा एअर फिल्टर एका गॅरेजने कागदावर दोनदा बदलला होता. डबा उघडून पाहिलं तर आत पहिलाच होता, पानं चिकटलेली, मध्ये वाळलेलं पान अडकलेलं. तेव्हापासून सर्व्हिसिंगला देण्याआधी मी फिल्टरच्या कडेला पेनाने तारीख लिहितो.